ताटात काय असावं, हे सरकार कसं ठरवतं? आणि ते आपल्या दस्तरखानापर्यंत का पोहोचत नाही?

मागच्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणी झाली. आठवीतल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. तिची अम्मी भेटायला आली ती जरा रागातच. म्हणाली, "टीचर, आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस गोश्त शिजतं. मग पोरीच्या अंगात रक्त कमी कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. शाळेच्या भिंतीवर "संतुलित आहार घ्या" असा तक्ता लावलेला आहे. तो मीच लावलाय. पण संतुलित म्हणजे किती, ते कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. म्हणून थोडा अभ्यास केला. तोच इथे सोप्या भाषेत मांडते. त्या अम्मीच्या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

सुरुवात एका आजारापासून

आपल्या देशात "काय खावं" याचा सरकारी अभ्यास सुरू झाला तो बेरीबेरी या आजारामुळे. या आजारात पायातली ताकद जाते, अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या कुन्नूर इथे एका छोट्या खोलीत या आजाराच्या तपासाचं काम सुरू केलं. गिरणीत खूप पॉलिश केलेल्या तांदळातून ब-१ जीवनसत्त्व निघून जातं आणि फक्त तोच भात खाणाऱ्यांना हा आजार होतो, हे आज आपल्याला माहीत आहे.

मॅककॅरिसन यांनी आणखी एक गमतीदार वाटेल असा प्रयोग केला. हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं जे खातात तेच त्यांनी उंदरांना खायला घातलं. गव्हाची रोटी, दूध, डाळ, भाजी खाणारे उंदीर धडधाकट झाले. पॉलिशचा तांदूळ आणि नावापुरती भाजी मिळालेले उंदीर खुरटे राहिले. माणसाची तब्येत फक्त "पोट भरलं" यावर नाही, तर ताटात काय काय आहे यावर ठरते, हे त्यातून दिसलं.

त्या छोट्या खोलीतून पुढे मोठी संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ पासून तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या अखत्यारीत चालते. आज भारतीयांसाठीच्या आहाराच्या सूचना हीच संस्था तयार करते.

सूचना तयार कशा होतात? तीन वह्या

मी मुलांना सांगताना तीन वह्यांचं उदाहरण देते.

पहिली वही: शरीराला किती लागतं? वय, काम, गरोदरपण, अंगावर पाजणं यांप्रमाणे ऊर्जा, प्रथिनं, लोह, कॅल्शियम यांची गरज ठरवली जाते. यात दोन आकडे असतात. एक सरासरी गरजेचा, म्हणजे तेवढं मिळालं तर निम्म्या लोकांची गरज भागते. दुसरा शिफारशीचा, म्हणजे तेवढं मिळालं तर जवळजवळ सगळ्यांची, शंभरातल्या ९७-९८ जणांची गरज भागते. २०२० च्या तक्त्यात लोहाची रोजची शिफारस पुरुषाला १९ मिलिग्रॅम आहे आणि बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे बाईला पुरुषाच्या दीडपट लोह लागतं. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी वही: अन्नात काय आहे? बाजरीत लोह किती, मसुरीत प्रथिनं किती, हे प्रयोगशाळेत तपासावं लागतं. कुन्नूरच्या संस्थेचे त्या वेळचे प्रमुख डब्ल्यू. आर. ऑयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची अशी पहिली मोठी यादी काढली. पुढे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ती वाढवली. २०१७ मध्ये नव्याने तपासणी झाली. देशाच्या सहा विभागांतून नमुने आणून ५२८ पदार्थ तपासले गेले.

तिसरी वही: लोक प्रत्यक्षात काय खातात? त्यासाठी घरोघरी जाऊन पाहणी करावी लागते. १९७२ मध्ये यासाठी राष्ट्रीय पोषण नियंत्रण विभाग सुरू झाला आणि २०१५ पर्यंत तो चालला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतूनही माहिती मिळते. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांच्या आतल्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे वर्गातली ती मुलगी एकटी नव्हती. दोन बायकांमागे एकीहून जास्त, अशी देशाची अवस्था आहे.

या तीन वह्या समोर ठेवून तज्ज्ञांची समिती बसते. गरज एवढी, मिळतं एवढं, मग कोणता पदार्थ वाढवायचा आणि कोणता कमी करायचा? "२९ मिलिग्रॅम लोह खा" असं कोणत्याही बाईला सांगून उपयोग नाही. लोहाला काही चव नसते आणि बाजारात ते किलोवर मिळत नाही. म्हणून पोषकांचे आकडे पदार्थांत बदलावे लागतात: एवढी भाजी, एवढी डाळ, एवढं दूध. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी १९९० च्या दशकात सगळ्या देशांना हीच पद्धत सुचवली. प्रत्येक देशाने आपल्या लोकांच्या जेवणाप्रमाणे सूचना कराव्यात, असं त्यात होतं. आज शंभराहून जास्त देशांकडे अशा सूचना आहेत.

भारताच्या १७ सूचना

भारताची अशी पहिली पुस्तिका १९९८ मध्ये आली, दुसरी २०११ मध्ये. तिसरी ८ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात १७ सूचना आहेत. गरोदर बाईला जास्तीचं जेवण, बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर घरी शिजवलेलं मऊ अन्न, मुलांचा आहार, म्हाताऱ्यांचा आहार, मीठ, तेल, पाणी, व्यायाम, स्वच्छता, पाकिटावरची माहिती वाचणं, असं सगळं त्यात येतं. पीळदार शरीरासाठी प्रोटीनचे डबे घेऊ नका, हीसुद्धा त्यातली एक सूचना आहे. जिमला जाणाऱ्या आपल्या पोरांना ती दाखवायला हवी.

दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी एका दिवसाचं ताट असं सांगितलंय:

- भाज्या ४०० ग्रॅम (पालेभाज्या धरून)
- फळं १०० ग्रॅम
- धान्य (गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी) २५० ग्रॅम
- डाळी, कडधान्यं, अंडी, मांस, मासे मिळून ८५ ग्रॅम
- शेंगदाणे, तीळ, बदाम वगैरे ३५ ग्रॅम
- तेल-तूप २७ ग्रॅम
- दूध किंवा दही ३०० मिलिलिटर

आता हे आपल्या स्वयंपाकघराला लावून बघा. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला भाजी लागते १ किलो ६०० ग्रॅम. तेल-तूप मिळून महिन्याला साधारण सव्वातीन किलो. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे महिन्याला चौघांत ६०० ग्रॅमच्या आत, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही धरायचं. आपल्या घरात महिन्याला तेलाचे किती डबे संपतात, ते आज रात्री मोजा. मी मोजले. आकडा इथे लिहीत नाही!

हे नुसते आकडे नाहीत

पोषणाचा आकडा वर-खाली झाला की लाखो लोकांच्या आयुष्यात फरक पडतो. १९७९ मध्ये आपल्या देशात गरिबीची रेषा कॅलरीवरून ठरवली गेली. खेड्यात माणशी २४०० आणि शहरात २१०० कॅलरी. एवढं अन्न विकत घेण्याइतका खर्च ज्याला जमत नाही, तो गरीब.

याच काळात डॉ. पां. वा. सुखात्मे यांचं नाव जगभर गाजलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस संख्याशास्त्रज्ञ होता आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठ्या पदावर होता. गरीब देशांत प्रथिनं कमी पडतात, असं तेव्हा सगळे म्हणत होते. सुखात्मे यांनी दाखवलं की मुळात पोटच भरत नाही. पोट भरलं नाही की शरीर खाल्लेली प्रथिनंही इंधनासारखी जाळून टाकतं. डॉ. गोपालन यांचंही मत असंच होतं. पण पुढे दोघांत मोठा वाद झाला. सुखात्मे म्हणायचे की माणसाचं शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेतं, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका. गोपालन यांचं म्हणणं होतं की असं धरलं तर गरिबाच्या खुरट्या अंगालाच आपण ठीक म्हणू लागू. वाद विज्ञानाचा होता, पण रेशन आणि मदत किती जणांपर्यंत पोहोचवायची याचाही होता.

दबाव बाहेरूनही येतो. अमेरिकेत १९७७ मध्ये संसदेच्या एका समितीने लोकांना मांस कमी खायला सांगितलं. मांस उत्पादकांनी गदारोळ केला आणि काही महिन्यांत शब्द बदलून "चरबी कमी असेल असं मांस निवडा" असं झालं. उलट ब्राझीलने २०१४ मध्ये सरळ भाषा वापरली: कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद पदार्थ टाळा, घरी शिजवा, शक्यतो सोबत बसून जेवा. एका दस्तरखानावर बसायची सवय असलेल्या आपल्या घरांना ही शेवटची गोष्ट नवीन नाही.

सूचना लोकांपर्यंत कशा जातात?

पुस्तिका छापली म्हणजे काम झालं नाही. ती घरात नेण्याचे रस्ते असे आहेत: अंगणवाडी (ही योजना १९७५ पासून आहे), आशाताई, शाळेतला पोषण आहार, पाठ्यपुस्तकं, २०१८ पासूनचं पोषण अभियान आणि सप्टेंबरमधला पोषण महिना. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये "आज से थोड़ा कम" ही मोहीम काढली. तेल, साखर, मीठ थोडं थोडं कमी करत जा, असा तिचा अर्थ. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कोणत्या थंड पेयात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून.

काही आकडे तर कायद्यातच आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शाळेच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायलाच हवीत. हा हक्क आहे, मेहरबानी नाही. पालकांना हे माहीत असलं पाहिजे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण पैशाची. रेशनवर प्राधान्य कार्डधारक घराला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. ताटातल्या २५० ग्रॅम धान्याचा दोन तृतीयांश भाग त्यातून निघाला. पण ४०० ग्रॅम भाजी, डाळ, दूध, फळ? ते खिशातून. एकीकडे सूचना सांगते की धान्य कमी करा, डाळ-भाजी वाढवा. दुसरीकडे स्वस्तात हातात पडतं ते धान्यच. रोजंदारीवरचा बाप पालकाची जुडी आणि तांदळाचा किलो यांत काय निवडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी अडचण धोरणातल्या चढ-उतारांची. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्या मुलांना फळ. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकवर्गणी काढावी, असं सांगण्यात आलं. सूचनांची पुस्तिका तीच, अंड्यातली प्रथिनंही तीच. बदललं ते फक्त बजेट. अंड्याच्या दिवशी वर्गात हजेरी कशी असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच या निर्णयाचं वजन कळेल.

तिसरी अडचण आवाजाची. सरकारची पुस्तिका दीडशे पानांची आणि पाच रुपयांच्या वेफर्सची जाहिरात तीस सेकंदांची. मुलांच्या कानात काय राहणार? पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर-मिठाचा ठळक इशारा असावा, ही मागणी बरीच वर्षं होते आहे. चिलीमध्ये २०१६ पासून काळे अष्टकोनी शिक्के आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये तारांकनाचा मसुदा आला, तर जाणकारांनी विचारलं की तारे दिले म्हणजे बिस्किटाला शाबासकीच ना?

आणि चौथी अडचण आपली. २०२४ ची पुस्तिका आली तेव्हा बातम्यांत काय गाजलं? "चहा-कॉफी कमी प्या." बाकीची पानं कोणी उघडलीच नाहीत.

आता त्या अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर

त्या चहाच्या बातमीतच अर्धं उत्तर होतं. पुस्तिका म्हणते, जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको, कारण चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात जाऊ देत नाहीत. मुलीला विचारलं तर सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि खारी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती घरी नेऊन संध्याकाळच्या चहासोबत घ्यायची.

उरलेलं अर्धं उत्तर मी हळूच काढून घेतलं. "गोश्त शिजतं तेव्हा तुझ्या ताटात काय येतं?" ती म्हणाली, "रस्सा आणि बटाटा. बोटी अब्बू, दादा आणि भाईला." ती आणि अम्मी शेवटी जेवायच्या. घरात गोश्त होतं, पण जिला दीडपट लोह लागतं तिच्यापर्यंत ते पोहोचत नव्हतं. अम्मी हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "टीचर, माझ्या माहेरी पण असंच होतं."

तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगते:

१. मुलीचं ताट आधी वाढा, निदान सगळ्यांसोबत वाढा. बोटी तिलाही.

२. नुसत्या गोश्तऐवजी दाल-गोश्त, पालक-गोश्त, मेथी-खिमा करा. खिचडा तर गहू, डाळी आणि गोश्त एकत्र आणणारा आपला जुना पदार्थ आहे. थोडं गोश्त सोबत असलं की डाळ-भाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं.

३. ताटावर लिंबू पिळा. लोह शोषायला मदत होते. कांदा-लिंबू तर आपल्याकडे असतोच.

४. चहा जेवणापासून एक तास लांब. लोहाची गोळी चहासोबत कधीच नाही.

५. तळलेलं तेल पुन्हा तळायला वापरू नका. इफ्तारच्या भज्यांचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत सालनात संपवा.

६. रक्त फारच कमी असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

सरकारचं काम सरकारने करायचं आहे. शाळेच्या जेवणात अंडं, रेशनवर डाळ, पाकिटावर ठळक इशारा, हे मागायलाच हवं. पालक सभेत विचारा, शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. पण कढईतून ताटात कोणाला काय वाढायचं, हे कोणतीही समिती ठरवत नाही. ते आपल्या घरात ठरतं.

त्या मुलीची यंदा पुन्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन वाढलंय, अजून थोडं कमी आहे. अम्मी भेटली तेव्हा म्हणाली, "टीचर, आता आम्ही सगळे एकत्रच बसतो."